भुईभाडे : एकोणतीस कोंबडे

कलम १. पक्षकार

"लिहून घेणार : श्री. योहान शमुवेल भिंगारदिवे, वय ३८, धंदा शिक्षक, व सौ. हन्ना योहान भिंगारदिवे, वय ३४, धंदा घरकाम."

ही वयं १९९६ सालची, भाडेपट्टा नावावर झाला तेव्हाची. कागदावर माणसाचं वय वाढत नाही, हा कागदाचा मोठा गुण. कागदाबाहेर योहान सर सदुसष्टचे झाले होते, हन्नाबाई त्रेसष्टच्या आणि हन्नाबाईंचे गुडघे ऐंशीच्या पुढचे.

इमारतीचं नाव शारोन. बारा फ्लॅट, तीन मजले, अठ्ठावन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. जमीन ट्रस्टची. पूर्वी तिथे कै. अब्राहाम मास्तर नावाच्या एका भाविक गृहस्थाचा मळा होता. त्यांनी तो ट्रस्टला दिला, ट्रस्टनं त्यावर एक चर्च बांधलं, चर्चशेजारी ही इमारत बांधली आणि एकेक फ्लॅट नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानं दिला. १९७९ पासून मोजायचं. म्हणजे सरांचं घर सरांचं होतं, पण २०७८ पर्यंत. सर इतिहास शिकवायचे. त्यांच्या हिशेबी नव्व्याण्णव वर्षं म्हणजे जवळजवळ कायमच.

हन्नाबाई आठवड्यातून एकदाच खाली उतरत, रविवारी, उपासनेला. लाकडी खुर्चीत बसून. पुढून खुर्ची धरायचा दुसऱ्या मजल्यावरचा जस्टिन, मागून ट्रस्टच्या ऑफिसातला डॅनी, आणि सर बाजूनं चालत सूचना द्यायचे. दुसऱ्या मजल्यावर जस्टिनच्या दाराशी खुर्ची टेकवायची, ही रीत. जस्टिन आतून तांब्याभर पाणी आणायचा, सगळे दम खायचे, मग उरलेला उतार. उरलेले सहा दिवस हन्नाबाई गॅलरीत बसून खालच्या मातीकडे बघत. त्या देवळाली प्रवऱ्याच्या. उसाच्या सरीत पाय घालून वाढलेल्या. तिथे त्यांच्या बहिणीच्या, एस्तेरच्या, घराला लागून दोन खोल्या विकाऊ होत्या. तळमजला. पुढे अंगण.

"मला पाय जमिनीला लावायचाय," हन्नाबाई म्हणाल्या. "रोज. एवढंच."

एवढंच म्हटल्यावर सरांनी फ्लॅट विकायचं ठरवलं. एस्तेरनं कळवलं, "दाजी, नाताळपर्यंत मी खोल्या धरून ठेवते. पुढचं माझ्या हातात नाही."


कलम ३. मिळकतीचे वर्णन

"तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅट क्र. ११. पूर्वेस जिना, पश्चिमेस व उत्तरेस मोकळी हवा, दक्षिणेस फ्लॅट क्र. १२. सदर मिळकतीत जमिनीचा कोणताही भाग समाविष्ट नाही."

(कलम २ हरवलं आहे. त्या पानावर कधीतरी कोणीतरी दुधाचा हिशेब लिहून ते फाडून नेलं असावं.)

गिऱ्हाईक मिळालं ते चांगलं मिळालं. अजिनाथ नावाचा तिशीतला माणूस, नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. अबोल, नाकासमोर चालणारा. घर बघायला येताना तो वडिलांना घेऊन आला. वडील बन्सीभाऊ, घोडेगावकडचे शेतकरी, डोक्याला टोपी, गळ्यात तुळशीची माळ. घर त्यांनी दोन मिनिटांत बघितलं. मग खुर्चीवर बसून माळेशी चाळा करत म्हणाले,

"सर, सातबारा दावा."

"फ्लॅटला सातबारा नसतो, भाऊ."

"मंग जमीन कुनाची?"

"ट्रस्टची."

"मंग तुमचं काय हाय?"

छत्तीस वर्षं सरांनी मुलांना प्रश्न विचारले होते; इतका अवघड त्यांना स्वतःला सुचला नव्हता. "त्रेपन्न वर्षं," ते म्हणाले. "अजून त्रेपन्न वर्षं आमची आहेत. ती तुमची होतील."

"आन मंग?"

"मग मुदत वाढवून मिळते."

"कोन देतं?"

"ट्रस्ट."

"तवा ट्रस्ट आसंल?"

स्वयंपाकघरातून हन्नाबाई म्हणाल्या, "भाऊ, त्रेपन्न वर्षांनी आपण सगळे जमिनीखालीच असू. तिथं कोण सातबारा मागतंय?"

बन्सीभाऊ मान हलवून हसले. चहा घेतला, बशीत ओतून. जाताना बायकोला दाखवायला म्हणून अजिनाथनं गॅलरीचा फोटो काढला. इसार झाला. सरांनी एस्तेरला फोन केला. हन्नाबाईंनी त्या संध्याकाळी ट्रंक उघडून जुन्या चपला काढल्या. अंगणात घालायच्या.

कलम ४ ते ६ पाण्याच्या टाकीविषयी आहेत. वाचकांनी ती वाचू नयेत. सरांनीही वाचली नव्हती, आणि त्यामुळे काही बिघडलं नाही. बिघडलं ते सातवं न वाचल्यामुळे.


कलम ११. हस्तांतर

"ट्रस्टच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय सदर फ्लॅट विकता, गहाण ठेवता, बक्षीस देता, भाड्याने देता अगर अन्य कोणास राहू देता येणार नाही."

ट्रस्टचं ऑफिस चर्चच्या मागे. मॅनेजर डॅनी, क्लार्क डॅनी आणि उन्हाळ्यात माठ भरणाराही डॅनीच. तो सरांचा विद्यार्थी. इतिहासात दोनदा नापास झालेला. सर अर्ज घेऊन गेले तेव्हा तो उठून उभा राहिला, सलाम केला, सरांना बसवलं आणि मग अर्जात पहिली चूक काढली.

"सर, अर्जात गाव अहिल्यानगर लिहिलंय. भाडेपट्ट्यात अहमदनगर आहे."

"मग?"

"दोन्ही एकच, असं प्रतिज्ञापत्र लागेल."

"अरे, तू राहतोस कुठं?"

"मला माहीत आहे सर. कागदाला माहीत नाही."

प्रतिज्ञापत्र झालं. सरांनी शपथेवर सांगितलं की आपण जिथे जन्मलो ते गाव आणि जिथे आत्ता उभे आहोत ते गाव एकच आहे. मग फोटो कमी पडले. मग आधार कार्डावर हन्नाबाईंचं नाव 'हाना' निघालं, त्याचं दुसरं प्रतिज्ञापत्र. तिसऱ्या फेरीत सर म्हणाले, "डॅनी, आता सही कर." डॅनीनं करायला पेन उघडलं. पण तो वर्गात होता तेव्हा सर नेहमी म्हणायचे, 'सही करण्यापूर्वी धडा वाचावा.' इतक्या वर्षांत त्यानं सरांचं एकच वाक्य लक्षात ठेवलं होतं. त्यानं भाडेपट्टा उघडला, आणि पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला घेतला. टाकी झाली. मग तो थांबला.


कलम ७. भुईभाडे

"ही भूमी मळा होती याचे स्मरण राहावे म्हणून लिहून घेणार यांनी दरसाल हंगामाच्या सणाच्या दिवशी एक गावरान कोंबडा भुईभाडे म्हणून ट्रस्टच्या हाती समक्ष द्यावा व त्याची पोच घ्यावी."

हंगामाचा सण म्हणजे बाजरी घरात आली की चर्चमध्ये होतो तो. ज्याच्या घरी जे पिकतं ते तो देवाला आणून देतो. भोपळा, कणसं, अंडी, ज्याला शेत नाही तो दुकानातून आणलेली साखर. उपासना झाली की आवारात या सगळ्याचा लिलाव होतो. त्यात पाच रुपयांचं लिंबू दोनशेला जातं, आणि ज्यानं घेतलं त्याचं वर्षभर नाव निघतं.

"पण आम्ही देतोच की!" सर म्हणाले. "हन्ना दरवर्षी कोंबडा देते. एकही सण चुकलेला नाही."

"ते अर्पण, सर."

"अर्पण कर, भाडं कर, कोंबडा तोच ना?"

"एका कोंबड्यात दोन्ही होत नाही, सर. अर्पण देवाला. भाडं ट्रस्टला. देव काही ट्रस्टी नाही." हे वाक्य आपल्याच तोंडून बाहेर पडलेलं बघून डॅनी थोडा दचकला. पण मागे घेईना. "पोच आहे का?"

पोच नव्हती. घरी जाऊन सरांनी हन्नाबाईंना विचारलं. त्या गवारीच्या शेंगा मोडत होत्या.

"देवाला दिलेल्याची पोच कोण घेतं?" त्या म्हणाल्या, आणि शेंगा मोडत राहिल्या.

डॅनीनं हिशेब लेखी पाठवला. सन १९९६ ते २०२४. एकूण बाकी : कोंबडे एकोणतीस. खाली टीप : 'करोनाच्या दोन वर्षी सण झाला नसला तरी भाडे थांबत नाही.'

इमारतीत बातमी पसरायला जिना पुरला. तळमजल्यावरून सल्ला आला की एकोणतीस पिल्लं घ्या, सणापर्यंत कोंबडे होतील. पहिल्या मजल्यावरून आला की ब्रॉयलर द्या, देवाला कळेल पण डॅनीला कळणार नाही. बाकी अकरा फ्लॅटपैकी एकाकडेही पोच नव्हती. पण त्यांना फ्लॅट विकायचे नव्हते, त्यामुळे सल्ला द्यायला ते मोकळे होते. चर्चच्या पायरीवर लोक सरांकडे बघून कुजबुजू लागले. छत्तीस वर्षं नोकरी, एकही मेमो नाही, आणि उतारवयात नावापुढे लागलं काय, तर कोंबडे थकवणारा.

सर कोर्टाजवळ राजेश्वरी वकिलांकडे गेले. त्या बाईंनी चष्मा लावून कलम सात वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

"सर, पोच नाही म्हणजे दिलं नाही, हे खरं. पण भाड्याची थकबाकी कोर्टात तीनच वर्षांची मागता येते. बाकीचे सव्वीस कोंबडे मुदतबाह्य झाले. आणि थकलेलं भरायला तयार असाल तर कोर्ट पट्टा सहसा रद्द करत नाही."

"म्हणजे आपण जिंकलो?"

"खटला जिंकाल. सहा-सात वर्षांत. पण संमतीपत्र डॅनीच्या टेबलावर आहे. तुम्हाला खटला जिंकायचाय की फ्लॅट विकायचाय?"

"मला हन्नाला खाली आणायचंय."

"त्याला कलम नाही," राजेश्वरी वकील म्हणाल्या. फी घेतली नाही. नुसतं एक पत्र लिहून दिलं.

पत्र बघून ट्रस्टनं उदार होऊन तडजोड केली. मागच्या सगळ्या वर्षांबद्दल मिळून एक कोंबडा, चालू सालचा एक कोंबडा. एकूण दोन. सरांनी हुश्श केलं. ही हुश्श करायची सवय त्यांना आयुष्यभर नडली आहे.


कलम १४. मनाई

"फ्लॅटमध्ये गुरे, शेळ्या, कोंबड्या अगर अन्य पशुपक्षी ठेवू नयेत."

हे कलम सरांनी वाचलं ते पुढे. आधी ते घोडेगावच्या बाजाराला गेले. अजिनाथनं रस्ता सांगितला होता; वडिलांना मात्र सांगू नका, म्हणाला. का, ते सरांनी विचारलं नाही. बैलांच्या आणि शेळ्यांच्या गर्दीतून वाट काढत ते कडेला बसलेल्या रतनबाईंपाशी पोचले. त्यांच्यापुढे तीन लाल कोंबडे, एका सुतळीत पाय बांधलेले.

"दोन द्या," सर म्हणाले.

"तिगं भाऊ हायेत सर. येकाच खुराड्यातले."

"मला दोनच लागतात."

"मंग धाकल्यानं काय करावं? येकटा ऱ्हाईला तर दाना सोडंल. लई जीव लावून वाढवलाय म्या. ते पाप तुमाला, मला न्हाई."

सर मध्यमवर्गीय. पाप म्हटलं की ते पाकीट काढतात. तीन कोंबडे घेऊन ते एस.टी.त चढले. वाटेत धाकटा सुटला, ड्रायव्हरच्या मागच्या जाळीवर जाऊन बसला, आणि पांढरीच्या पुलाच्या पुढपर्यंत सगळी गाडी त्याला 'धरा, धरा' म्हणत होती. कंडक्टरनं तिघांचं सामानाचं तिकीट फाडलं. सरांनी ते जपून ठेवलं. पोच घ्यायची सवय आता लागली होती.

डॅनी म्हणाला, "सर, आज नाही घेता येणार. कलम सात. सणाच्या दिवशीच."

सणाला सहा आठवडे होते. कोंबडे तिसऱ्या मजल्यावर गेले.

आणि मग एक विपरीत गोष्ट झाली. हन्नाबाई हसायला लागल्या. गॅलरीत त्यांनी राख पसरली, दाणे टाकले, तिघांना मोठा, मधला आणि धाकटा अशी नावं दिली. मोठा माजखोर, मधला आळशी. धाकटा मात्र त्यांच्या मांडीवर येऊन बसायचा आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर चोच घासायचा. "शेक बसतो," त्या म्हणायच्या. भाजीची टोपली दोरीनं खाली सोडून त्या चिमूटभर माती वर मागवायच्या, कोंबड्यांना उकरायला. सरांना एकदा दिसलं, टोपलीतल्या मातीवर त्यांनी स्वतःचाही तळपाय टेकवून ठेवला होता.

"सणाला मोठा आणि मधला न्या," त्या म्हणाल्या. "धाकट्याला नाही. तो देवळालीला माझ्याबरोबर येईल."

कोंबडा पहाटे आरवतो, हे खरं नाही. तो वाटेल तेव्हा आरवतो, आणि तीन असले की एकमेकांना उत्तरं देतात. चौथ्या दिवशी जस्टिन वर आला. इमारतीचा सेक्रेटरी या नात्यानं.

मीटिंग सरांच्याच बैठकीत झाली, हन्नाबाईंना उतरता येत नाही म्हणून. कोंबडे न्हाणीघरात कोंडले. सरांना मनातून मीटिंग हवीच होती, कारण त्यांच्याकडे एक साक्षीदार होता. दरवर्षीच्या लिलावात हन्नाबाईंचा कोंबडा घ्यायचा कोण? जस्टिन. बोली कितीही चढू दे, कोंबडा जस्टिनचाच. तो घ्यायचा कोणाच्या हातून? ट्रस्टच्या मॅनेजरच्या. म्हणजे कोंबडा ट्रस्टच्या हाती पोचत होता! एवढं जस्टिननं लिहून दिलं की थकबाकी मुळातच नव्हती, आणि सरांच्या नावावरचा डाग धुतला जात होता.

"जस्टिन," सर म्हणाले, "दरवर्षी आमचा कोंबडा तू घ्यायचास ना?"

ट्रस्टचा कोंबडा आपण वर्षानुवर्षं खाल्ला, असं लिहून देणं म्हणजे काय, याचा जस्टिननं क्षणभर विचार केला. "मी? मला नाही आठवत, सर."

"अरे, असं कसं?" ट्रस्टतर्फे मीटिंगला आलेला डॅनी म्हणाला. "मागच्या वर्षी चर्चच्या पाळकसाहेबांशी तुझी चुरस लागली होती."

"दुसरं कोणीतरी असेल."

हन्नाबाईंनी हळूच म्हटलं, "जस्टिन, तूच मला म्हणाला होतास की. खुर्ची टेकवली होती तुझ्या दारात. काकू, तुमच्या कोंबड्याच्या रश्श्याला तोड नाही, म्हणालास."

"काकू, मी शपथेवर सांगतो, तुमचा कोंबडा मला माहीतच नाही!"

आणि न्हाणीघरात कोंबडा आरवला.

खोलीत बसलेले सगळे ख्रिस्ती; 'मी त्याला ओळखत नाही' असं प्रभूचा शिष्य तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा कोंबडा आरवला होता, आणि शिष्य बाहेर जाऊन रडला होता, हे सगळ्यांना पाठ. सगळ्यांनी माना खाली घातल्या. जस्टिन उठून बाहेर गेला. वाटलं, आता जिन्यात बसून रडेल. तो खाली जाऊन कलम चौदाची नोटीस टाईप करून घेऊन आला.

नोटिशीत लिहिलं होतं की कोंबडे फ्लॅटमध्ये ठेवल्यानं पट्ट्याचा भंग झाला आहे. सर डॅनीकडे गेले. फ्लॅटमध्ये नको तर आवारात बांधतो म्हणाले. डॅनीनं कलम पंधरा दाखवलं, आवारातही मनाई. "मग सणापर्यंत कोंबड्यानं राहायचं कुठं?" सरांनी विचारलं. डॅनीनं पानं उलटून बघितली. "याबाबत पट्टा गप्प आहे, सर." शेवटी ठरलं, सणाला भाडं चुकतं झालं की नोटीस मागे.

पण जस्टिन खुर्ची धरायला यायचा बंद झाला. एकट्या डॅनीला पेलेना. त्या रविवारपासून हन्नाबाईंचं आठवड्यातून एकदा उतरणंही संपलं. उपासनेची गाणी त्या गॅलरीत बसून ऐकत, मांडीवर धाकटा. खाली उतरायच्या खटपटीत त्या कायमच्या वर राहिल्या, हे सरांना कळत होतं.


कलम ७, पुन्हा

सणाच्या दिवशी आवारात मांडव पडला. दाराला उसाची कमान, खांबांना बाजरीची कणसं, पुढे भोपळ्यांची रास. सर इस्त्रीचा शर्ट घालून उतरले, उजव्या काखेत मोठा, डाव्या काखेत मधला. अठ्ठावन्न पायऱ्यांवर दोघांनी शर्टाचं काय केलं, ते सांगण्यासारखं नाही.

डॅनी टेबल मांडून बसला होता. पुढे कोरं पावती पुस्तक, जन्मात पहिल्यांदाच छापलेलं.

"अर्पण की भाडं?" त्यानं विचारलं.

"भाडं."

दोन पावत्या फाटल्या. शिक्के बसले. नोटीस मागे घेतल्याचं पत्र मिळालं. आणि मग, शेवटी, संमतीपत्र. सरांनी ते घडी न घालता दोन्ही हातांनी धरलं, आणि गॅलरीकडे वर करून दाखवलं. वरून हन्नाबाईंनी हात हलवला.

संमतीपत्र घ्यायला अजिनाथ आला होता. बन्सीभाऊही आले होते, सुनेनं दिलेला पेढ्यांचा पुडा घेऊन. त्यांनी टेबलाखाली पाय बांधून ठेवलेले दोन कोंबडे बघितले.

"ह्ये कशापायी?"

अजिनाथ खाली बघू लागला. डॅनीनं उत्साहानं कलम सात वाचून दाखवलं. मळ्याच्या स्मरणासकट.

"म्हंजी पुढल्या सालापून आमी द्यायचा?"

"हो. दरवर्षी एक. समक्ष."

"आन तुमी त्याचं काय करनार?"

डॅनी पावती पुस्तक सरळ लावू लागला. मांडवात रश्श्याच्या डेगी मांडल्या होत्या, त्या बोलल्या.

बन्सीभाऊंनी पुडा टेबलावर ठेवला आणि गळ्यातल्या माळेला हात लावला. "आमी माळकरी, सर. तीन पिढ्या घरात अंडं आलं न्हाई. माझ्या पोरानं सालोसाल आपल्या हातानं जीव न्हेऊन द्यायचा, कापायला? घराचं भाडं म्हनून?"

"कलम बदलून घेऊ," सर म्हणाले.

"ट्रस्टींची सभा लागेल, मग वरच्या ऑफिसची परवानगी," डॅनी म्हणाला. "चार-पाच वर्षं धरा."

"मग तुमच्या वतीनं मी देईन, भाऊ. जिवंत असेपर्यंत. देवळालीहून येऊन देईन."

"पाप दुसऱ्याच्या वतीनं फिटत न्हाई, सर," बन्सीभाऊ म्हणाले, पण मायेनं म्हणाले. "जमीन न्हाई म्हनालात, चालवून घेतलं. त्रेपन्न वर्सं म्हनालात, तेबी चाललं. ह्ये न्हाई जमायचं. पेढं ऱ्हाऊ द्या. घरच्यांनी केलेत."

अजिनाथ नुसता "सर..." म्हणाला आणि तिथेच उभा राहिला.

सर मांडवातून बाहेर आले. कुठे बसायचं सुचेना म्हणून फाटकाजवळच्या वॉचमनच्या खोलीच्या पायरीवर बसले. कॅमेरे लागल्यापासून वॉचमन नव्हता. खोली रिकामी. दहा बाय दहा, एक खिडकी, मागे मोरी. हातात शिक्क्याचं संमतीपत्र. आयुष्यात इतका बिनचूक कागद त्यांच्या हाती कधी आला नव्हता, आणि इतका निरुपयोगीही. एस्तेरला काय सांगायचं याची ते मनात जुळवाजुळव करू लागले. मग त्यांचं लक्ष आपल्या बुटांकडे गेलं. बूट मातीत होते.

"डॅनी!" त्यांनी हाक मारली. "ही खोली कोणाची?"


परिशिष्ट. वॉचमनची खोली

"मुदत अकरा महिने. बारावा महिना खोली रिकामी ठेवावी, जेणेकरून राहणाऱ्याचा कोणताही हक्क निर्माण होऊ नये. मोबदला कलम ७ प्रमाणे."

"म्हणजे अकरा महिने खाली, एक महिना वर," डॅनी म्हणाला. त्याला पहिल्यांदाच सरांकडे बघवत नव्हतं. "पण मोबदला आजच द्यावा लागेल, सर. सूर्य मावळायच्या आत. नाहीतर एकदम पुढच्या सणाला. ते दोन कोंबडे फ्लॅटच्या खाती जमा झाले. तिसरा आहे का?"

सरांनी वर बघितलं. गॅलरीच्या कठड्यावर हन्नाबाईंचं डोकं दिसत होतं, आणि शेजारी लाल तुरा.

"हन्ना!"

मांडवातल्या सगळ्या माना वर वळल्या. तीन मजल्यांचं बोलणं खासगीत होत नाही.

"अजिनाथचं फिसकटलं," सर ओरडून म्हणाले. "देवळाली राहिली. पण ही खोली मिळतेय. अकरा महिने. कोंबडा लागेल. आत्ता."

कठड्यावर लाल तुऱ्याशेजारी हन्नाबाईंचा हात आला.

"धाकट्याला नाही म्हटलं होतं मी."

"हो."

"खोलीत फरशी आहे?"

"आत फरशी. उंबऱ्याबाहेर माती."

लाल तुरा कठड्यावरून दिसेनासा झाला. पाच मिनिटांनी भाजीची टोपली दोरीवरून खाली येऊ लागली. भिंतीला घासत, हेलकावे खात. धाकटा आत शांत बसला होता, माती आणायला निघाल्यासारखा. त्याचे पाय बांधलेले नव्हते.

सरांनी त्याला उचललं. डॅनीनं पेन काढलं आणि सवयीनं विचारलं, "अर्पण की भाडं?"

सरांनी धाकट्याला दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"भाडं!" वरून हन्नाबाई ओरडल्या. "आधी पोच घ्या!"


साक्षीदार

१. अजिनाथ. तो गेलाच नव्हता. लिलाव संपून दिवे लागले तरी वडिलांना गाडीत बसवून तो फाटकाशी उभा होता. खुर्ची पुढून त्यानं धरली.

२. डॅनी. त्यानं मागून धरली.

सर बाजूनं चालले. या वेळी सूचना दिल्या नाहीत. हन्नाबाईंच्या मांडीवर ट्रंकेतल्या चपला, चपलांवर दुमडलेली पावती.

दुसऱ्या मजल्यावर अजिनाथला दम लागला. नवा माणूस. त्यानं रीतीप्रमाणे, पण रीत माहीत नसताना, जस्टिनच्या दाराशीच खुर्ची टेकवायला वाकवली. दार लोटलेलं होतं. फटीतून उजेड येत होता, आणि भाजलेल्या खोबऱ्याचा, लसणाचा, उकळत्या रश्श्याचा वास. भाड्यात आलेला शेवटचा कोंबडाही लिलावात गेला होता, आणि दरवर्षीप्रमाणे तो जस्टिननंच घेतला होता.

आत पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला. तांब्यात पाणी भरल्याचा झाला. पावलं दाराकडे आली.

"थांबू नका," हन्नाबाई म्हणाल्या.